पाण्यात विरघळलेले प्रदूषक पकडायचे कसे: अधिशोषणाच्या पहिल्या प्रयोगासाठी मार्गदर्शन

गढूळ पाणी गाळता येते, तुरटी फिरवून निवळता येते, आणि त्यातील जंतू उकळून मारता येतात. परंतु जे प्रदूषक पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असतात, म्हणजे रंगद्रव्ये, फिनॉलसारखी सेंद्रिय संयुगे, कीटकनाशकांचे अंश, आर्सेनिक, फ्लोराइड किंवा शिसे, त्यांच्यासाठी हे उपाय पुरे पडत नाहीत. असा रेणू किंवा आयन साधारण एक नॅनोमीटर किंवा त्याहून लहान असतो, आणि साध्या गाळणीची छिद्रे त्याच्या हजारो पट मोठी असतात. त्याला अडवायचे तर भोक लहान करत जाण्याऐवजी त्याला एखाद्या पृष्ठभागाची ओढ लावणे हा मार्ग उरतो. पाण्यापेक्षा तो पृष्ठभाग त्याला अधिक जवळचा वाटला, की तो पाणी सोडून तेथे जाऊन बसतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. शोषण आणि अधिशोषण यांत गल्लत होऊ देऊ नये: स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या अंतरंगात भरते, तर अधिशोषणात रेणू केवळ पृष्ठभागावर चिकटतो, मग तो पृष्ठभाग बाहेरचा असो वा कणाच्या आतील छिद्रांच्या भिंतींचा.

कोळशाचा हा गुण जुना आहे. योहान टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये कोळशाच्या भुकटीने टार्टारिक आम्लाच्या तपकिरी द्रावणाचा रंग निघून जातो हे पाहिले, आणि या क्रियेला ‘अॅडसॉर्प्शन’ हे आजचे पाश्चात्त्य नाव १८८१ मध्ये हाइनरिश कायझर यांनी दिले. पुढे दिलेले मार्गदर्शन प्रयोगशाळेत हा प्रयोग प्रथमच करणाऱ्यासाठी आहे. रसायनशास्त्राची शालेय ओळख, एक चांगला तराजू, पीएच मीटर आणि दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) एवढे हाताशी आहे असे मी धरले आहे. नमुना प्रदूषक म्हणून मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य आणि अधिशोषक म्हणून सक्रिय कार्बनची, म्हणजे प्रक्रिया करून सूक्ष्म छिद्रांनी भरलेल्या कोळशाची, भुकटी घेतली आहे, कारण या जोडीत चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते, आणि नवख्याला यासारखी दुसरी सोय नाही.

आधी प्रदूषकाची ओळख

बहुतेक नवखे अधिशोषकापासून सुरुवात करतात: हा कार्बन आहे, ही माती आहे, यात काय काय अडकते ते पाहू. माझ्या मते ही उलटी वाट आहे. जो रेणू काढायचा आहे त्याचा स्वभाव आधी वहीत लिहून काढावा, म्हणजे कोणत्या पृष्ठभागाकडे जावे हे बहुतांशी तेथेच ठरते. पाण्याच्या ज्या पीएचला काम करायचे आहे त्या पीएचला रेणूवर प्रभार आहे का, असल्यास धन की ऋण. त्याला पाण्यात राहायला आवडते की तो नाइलाजाने विरघळलेला आहे. त्यात बेन्झिनसारखी सपाट वलये आहेत का. आणि त्याचा आकार किती आहे, हे प्रश्न त्यासाठी विचारावेत.

या उत्तरांतून वेगवेगळ्या ओढी समोर येतात. सर्वांत साधी ओढ व्हॅन डर वाल्स बलांची. ती प्रत्येक रेणूला प्रत्येक पृष्ठभागाशी जोडते, एकटी दुबळी असते, पण रेणू मोठा आणि सपाट असला, आणि छिद्र त्याच्याच मापाचे असले, तर दोन्ही भिंतींकडून मिळून ती चांगलीच घट्ट होते. तिच्याबरोबर पाण्याचा स्वतःचा स्वभावही काम करतो: पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात, आणि तेलकट वृत्तीचा रेणू त्या जाळ्यात अडचण ठरतो, म्हणून पाणी त्याला जणू बाहेर ढकलते. सक्रिय कार्बन सेंद्रिय प्रदूषकांवर इतका उपयोगी पडतो तो मुख्यतः या दोहोंमुळे. वलय असलेल्या रेणूंच्या बाबतीत वलयांवरील इलेक्ट्रॉनांचा ढग आणि कार्बनच्या ग्राफाइटसारख्या पत्र्यांवरील ढग यांची समोरासमोर जुळणी होते, आणि ती आणखी एक पकड ठरते.

प्रभार आला की गणित बदलते. फिनॉल हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून प्रभारित होतात तो आकडा) सुमारे १० आहे, म्हणून पीएच ७ ला तो जवळजवळ पूर्णपणे प्रभारहीन असतो आणि कार्बनवर चांगला बसतो. पीएच १२ केला की तो ऋणप्रभारित फिनॉलेट होतो, पाण्यात अधिक रमतो, आणि त्याच वेळी कार्बनचा पृष्ठभागही ऋण झालेला असल्याने दोघे एकमेकांना दूर सारतात. याच कारणाने फिनॉलने भरलेला कार्बन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने काही अंशी मोकळा करता येतो. म्हणजे पकडण्याची आणि सोडवण्याची किल्ली एकच असते.

काही आयनांसाठी कार्बन हा चुकीचा पर्याय आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फ्लोराइड आणि नायट्रेट साध्या सक्रिय कार्बनवर फारसे थांबत नाहीत, आणि विरघळलेल्या क्षारांमुळे वाढलेला टीडीएसही (विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण) त्याने उतरत नाही. फ्लोराइडसाठी सक्रिय अ‍ॅल्युमिना वापरतात. तेथे, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या या सच्छिद्र दाण्यांवर, पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटाची जागा फ्लोराइड घेतो, आणि हे काम पीएच ५ ते ६ च्या आसपास सर्वांत चांगले चालते. नायट्रेटसाठी आयन विनिमय करणारे रेझिन लागते, जे नायट्रेट घेऊन क्लोराइड सोडते. आर्सेनिकसाठी लोहाची ऑक्साइडे आणि हायड्रॉक्साइडे उपयोगी पडतात, कारण आर्सेनेट हा लोहाच्या अणूंशी ऑक्सिजनच्या पुलाने प्रत्यक्ष रासायनिक बंध करतो. ही नुसती विद्युत ओढ नव्हे. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. पाच संयुजेचे आर्सेनिक नेहमीच्या पाण्यात ऋणप्रभारित असते, पण तीन संयुजेचे आर्सेनिक सुमारे पीएच ९ पर्यंत प्रभारहीन राहते आणि म्हणून अनेक अधिशोषकांवर कमी थांबते. त्यामुळे आधी क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकाने त्याला पाच संयुजेत आणणे ही स्वतंत्र पायरी ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आर्सेनिकसाठी दर लिटरला १० मायक्रोग्रॅम आणि फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम आहे. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर असू द्यावेत, कारण 'नव्वद टक्के काढले' या वाक्याला उरलेले दहा टक्के किती आहेत हे कळल्याशिवाय अर्थ नसतो.

आपले मिथिलीन ब्लू या सर्वांत सोपे आहे. ते धनप्रभारित आहे, सपाट आहे, त्यात वलये आहेत, आणि त्याची लांबी सुमारे दीड नॅनोमीटर आहे. म्हणून ऋण पृष्ठभाग, वलयांची जुळणी आणि पुरेशी रुंद छिद्रे असा तिहेरी विचार त्याच्यासाठी करावा लागतो.

अधिशोषक निवडणे आणि तयार करणे

एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कार्बनमध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठफळ सामावलेले असते. हा आकडा ऐकून अनेकांची समजूत होते की पृष्ठफळ जितके मोठे तितका कार्बन चांगला. तसे नाही. हे पृष्ठफळ बहुतांशी २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद अशा सूक्ष्मछिद्रांत असते, आणि दीड नॅनोमीटरचा रेणू १ नॅनोमीटरच्या बिळात सहज शिरत नाही. २ ते ५० नॅनोमीटर रुंदीची मध्यम छिद्रे मोठ्या रेणूंना वाट देतात. पुडक्यावर आयोडीन अंक लिहिलेला असेल तर तो लहान रेणूंसाठीची क्षमता सांगतो, रंगद्रव्यांसाठीची नव्हे. ती हवी असल्यास मिथिलीन ब्लूचाच अंक पाहावा. स्वतः कोळसा तयार करून तो फॉस्फोरिक आम्लाने किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय करण्याचा मोह पहिल्या प्रयोगात टाळावा. त्यात भट्टी, दाहक रसायने आणि धुण्याचे अनेक फेरे येतात, आणि निकाल बिघडला तर दोष कोळशाचा की मोजमापाचा हे कळत नाही. आधी विकतच्या कार्बनवर हात बसवावा.

कार्बन ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि निघणाऱ्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत धुणे चालू ठेवावे, कारण त्यातील राख विरघळून पुढे द्रावणाचा पीएच सरकवते. नंतर १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये (आत ओलावा शोषणारे द्रव्य असलेल्या बंद भांड्यात) थंड करावा व घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा. कार्बन हवेतील ओलावा पटकन घेतो, म्हणून बाटली उघडी ठेवून एकामागून एक वजने करत बसू नये. भुकटी हाताळताना मास्क लावावा, कारण ती बारीक असते आणि उडते.

यानंतर पृष्ठभागाचा प्रभार कोठे शून्य होतो ते काढावे. कृती अशी: सोडियम क्लोराइडचे दर लिटरला ०.०१ मोल संहतीचे द्रावण प्रत्येकी ५० मिलिलिटर असे आठ-नऊ बाटल्यांत घ्यावे, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड वापरून त्यांचे पीएच ३ ते ११ असे लावावेत, प्रत्येकीत ०.१५ ग्रॅम कार्बन टाकून बाटल्या घट्ट बंद कराव्यात आणि ४८ तास हलत ठेवून शेवटचा पीएच मोजावा. ज्या ठिकाणी सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच सारखाच राहतो तो शून्यप्रभार बिंदू. त्याच्या वरच्या पीएचला पृष्ठभाग ऋण, खालच्या पीएचला धन. अल्कधर्मी बाटल्यांत हवेतील कार्बन डायऑक्साइड शिरून पीएच उतरवतो, त्यामुळे झाकणे खरोखरच घट्ट हवीत. हे दोन दिवस अनेकांना वाया गेल्यासारखे वाटतात, पण पुढच्या प्रत्येक निकालाचा अर्थ या एका बिंदूवर टेकलेला असतो.

द्रावण आणि प्रमाणरेषा

मूळ द्रावण दर लिटरला १००० मिलिग्रॅमचे करावे. बाटलीवरील लेबल वाचताना घाई करू नये: मिथिलीन ब्लूचे निर्जल मोलर वस्तुमान ३१९.८५ ग्रॅम आहे, पण ते पुष्कळदा स्फटिकजलासह विकले जाते, आणि तीन रेणू पाणी असलेल्या रूपात एका ग्रॅममध्ये प्रत्यक्ष रंगद्रव्य केवळ ०.८६ ग्रॅमच्या आसपास असते. ही चूक झाली तर पुढचे सर्व आकडे सुमारे एक षष्ठांशाने फुगतात, आणि आलेख मात्र निर्दोष दिसत राहतो.

प्रमाणरेषेसाठी, म्हणजे वाचनावरून संहती काढता येईल अशा रेषेसाठी, मूळ द्रावणातून ०.५, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी द्रावणे करावीत आणि ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला त्यांचा अ‍ॅब्सॉर्बन्स मोजावा. द्रावण किती प्रकाश शोषते ते हा आकडा सांगतो. तो संहतीसमोर मांडला की बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेच्या जवळ पडले पाहिजेत. याहून दाट द्रावणे रेषेत आणू नयेत. मिथिलीन ब्लूचे रेणू दाटी झाली की पाण्यातच एकमेकांवर रचले जातात, जोड्या करतात, आणि त्या जोड्या ६१० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू लागतात, त्यामुळे ६६४ ला वाचन अपेक्षेपेक्षा कमी येते व रेषा वाकते. जी वलयांची ओढ आपण कार्बनसाठी वापरणार आहोत, तीच येथे रेणूंना आपापसांत जोडत असते. उपाय सोपा आहे: दाट नमुना नेहमी दहापट किंवा वीसपट विरल करूनच मोजावा, आणि किती पट केला ते त्याच क्षणी लिहावे.

मिथिलीन ब्लू काचेलाही चिकटते, कारण काचेचा पृष्ठभाग पाण्यात ऋण असतो. म्हणून प्रत्येक मालिकेत कार्बनविरहित द्रावणाचा एक फ्लास्क ठेवावा, जो इतरांइतकाच वेळ हलवला जाईल; त्यातील संहती हीच खरी सुरुवातीची संहती. दुसरा फ्लास्क नुसत्या पाण्याचा आणि कार्बनचा असावा, म्हणजे बारीक भुकटीमुळे होणारा खोटा अ‍ॅब्सॉर्बन्स कळतो. कार्बन वेगळा करण्यासाठी गाळणकागद वापरणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. कागदातील सेल्युलोज स्वतःच रंग धरते, द्रावण आणखी फिकट होते, आणि श्रेय कार्बनला जाते. सेंट्रिफ्यूज करून वरचे स्वच्छ द्रावण पिपेटने घ्यावे. गाळावेच लागले, तर पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत आणि कार्बन न घातलेले द्रावण त्याच गाळणीतून नेऊन किती रंग कमी होतो ते तपासावे. क्युव्हेटवर (मोजण्यासाठी नमुना ठेवण्याच्या पारदर्शक नळीवर) निळी झाक राहिल्यास ती अल्कोहोलने निघते.

किती वेळ लागतो

पहिला खरा प्रयोग वेळेचा करावा, कारण समतोल, म्हणजे पाण्यातील संहती आणखी न बदलण्याची स्थिती, केव्हा आला हे माहीत नसताना केलेले पुढचे सर्व काम अधांतरी राहते. दर लिटरला १०० मिलिग्रॅमचे ५० मिलिलिटर द्रावण आणि २५ मिलिग्रॅम कार्बन अशा जोड्या अनेक फ्लास्कमध्ये घ्याव्यात, तापमान एकच ठेवून शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्यांच्या आसपास हलवावे, आणि २, ५, १०, २०, ४०, ६०, १२० व २४० मिनिटांनी व शेवटी २४ तासांनी प्रत्येकी एक फ्लास्क काढून मोजावा. एकाच फ्लास्कमधून वारंवार नमुने काढले तर द्रावण आणि कार्बन यांचे प्रमाण दर वेळी बदलते. स्वतंत्र फ्लास्क महाग पडले तरी अधिक विश्वासार्ह.

आलेखात पहिल्या काही मिनिटांत संहती झपाट्याने उतरते आणि नंतर उतार मंदावतो. बाहेरच्या जागा लगेच भरतात. आतल्या जागांपर्यंत रेणूला अरुंद वाटांतून भिंतींना धडकत जावे लागते. आत शिरण्याचा हा वेळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गानुसार वाढतो, म्हणजे दहापट जाड कणाला सुमारे शंभरपट वेळ लागतो. भुकटी तासाभरात जे करते त्यासाठी दाणेदार कार्बनला काही दिवसही लागू शकतात, ते यामुळे. शेवटच्या दोन-तीन वाचनांत फरक मोजमापाच्या चुकीइतका उरला की समतोल आला असे धरावे, आणि पुढील प्रयोगांना त्याहून थोडा अधिक वेळ द्यावा.

वेळेच्या आकड्यांना समीकरणे जुळवण्याची मोठी प्रथा आहे. त्यातील द्वितीय कोटीचे तथाकथित समीकरण, ज्यात वेळ भागिले अधिशोषित प्रमाण हे वेळेसमोर मांडतात, जवळजवळ नेहमीच सुंदर सरळ रेषा देते, कारण वेळ दोन्ही अक्षांवर आलेली असते आणि समतोलाजवळचे बिंदू आपोआप रेषेत पडतात. त्या रेषेवरून बंध रासायनिक आहे असा निष्कर्ष काढू नये. बंधाचा प्रकार ठरवायला वेगळे पुरावे लागतात.

समतापी वक्र

आता या साऱ्या खटाटोपाच्या केंद्राशी आपण आलो. तापमान स्थिर ठेवून, पाण्यात उरलेली संहती आणि प्रत्येक ग्रॅमवर बसलेले प्रमाण यांचा जो आलेख निघतो त्याला समतापी वक्र म्हणतात. हिशेब एवढाच आहे:

प्रतिग्रॅम अधिशोषण = (सुरुवातीची संहती − उरलेली संहती) × द्रावणाचे आकारमान ÷ कार्बनचे वस्तुमान

समजा ५० मिलिलिटर द्रावण दर लिटरला १०० मिलिग्रॅमचे होते, कार्बन २५ मिलिग्रॅम टाकला, आणि समतोलानंतर दहापट विरल केलेल्या नमुन्यात २.७ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिळाले. उरलेली संहती २७ झाली. मग (१०० − २७) × ०.०५ ÷ ०.०२५, म्हणजे दर ग्रॅमला १४६ मिलिग्रॅम. टक्केवारीत हे ७३ टक्के होते, पण टक्केवारी कार्बनच्या मात्रेनुसार वाटेल तशी वर-खाली करता येते, म्हणून दोन अधिशोषकांची तुलना तिच्यावर करू नये. १४६ हा आकडाही एकटा सांगू नये; तो '२७ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरले असताना' असा सांगितला तरच उपयोगी.

वक्रासाठी किमान आठ बिंदू हवेत. कार्बनची मात्रा दर लिटरला ०.२ पासून १.५ ग्रॅमपर्यंत बदलावी, किंवा मात्रा स्थिर ठेवून सुरुवातीची संहती बदलावी. प्रत्येक बिंदू तीनदा घ्यावा. २५ मिलिग्रॅमच्या वजनात १ मिलिग्रॅमची चूक म्हणजे ४ टक्के, तेव्हा दशांश मिलिग्रॅम दाखवणारा तराजू हवा. मात्रा इतकी कमीही नसावी की संहतीत फरकच पडणार नाही: १०० ची ९८ झाली आणि दोन्ही वाचनांत १ ची अनिश्चितता असली, तर २ चा तो फरक जवळजवळ निरर्थक ठरतो. निदान २० ते ९० टक्के रंग निघेल अशी मांडणी करावी.

या बिंदूंना दोन प्रकारची समीकरणे सर्वांत अधिक जुळवतात. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ च्या सुमारास मांडलेले चित्र असे की पृष्ठभागावर ठरावीक आसने आहेत, सर्व सारखी, प्रत्येकावर एकच रेणू, आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर परिणाम नाही. त्यातून दोन स्थिरांक निघतात: सर्व आसने भरल्यावरची कमाल क्षमता, आणि ओढीचा स्थिरांक, ज्याचा व्यस्त म्हणजे अर्धी आसने भरतात ती संहती. दुसरे, हर्बर्ट फ्रॉइन्डलिश यांचे समीकरण, संहतीच्या अपूर्णांकी घाताचे आहे. त्यात कमाल मर्यादा नाही, आणि असमान आसनांच्या पृष्ठभागाला ते बरे बसते. वरच्या उदाहरणात कमाल क्षमता २०० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम आणि ओढीचा स्थिरांक ०.१ लिटर प्रतिमिलिग्रॅम धरला, तर २७ ला जवळपास १४६ हाच आकडा येतो, आणि अर्धी आसने १० मिलिग्रॅम प्रतिलिटरला भरतात.

समीकरण उलटे करून सरळ रेषा काढण्याऐवजी मूळ वक्रच संगणकावर जुळवावा. साध्या स्प्रेडशीटमधील सॉल्व्हरने ते होते. उलटे केल्याने लहान संहतीच्या बिंदूंतील चुका फुगतात. वक्र कमाल मर्यादेजवळ सपाट झालेलाच नसेल तर समीकरणाने दिलेली कमाल क्षमता म्हणजे केवळ अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आणि लँगम्यूरचे समीकरण चांगले जुळले म्हणून त्याची सर्व गृहीतके खरी ठरत नाहीत. सक्रिय कार्बनचा पृष्ठभाग एकसारखा नसतो हे आपल्याला आधीच माहीत आहे.

कोणती ओढ काम करते आहे, हे कसे ओळखावे

तीन छोटे प्रयोग येथे पुष्कळ सांगून जातात. पहिला, पीएच बदलून पाहणे: शून्यप्रभार बिंदूच्या खाली मिथिलीन ब्लूचे अधिशोषण ठळकपणे घटले, तर विद्युत ओढीचा वाटा मोठा आहे. दुसरा, सोडियम क्लोराइड वाढवत जाणे: मीठ घातल्याने पकड सैल झाली तर सोडियमचे आयन त्याच जागांसाठी भांडत आहेत किंवा प्रभार झाकत आहेत, काही फरक पडला नाही, तर पकड जवळच्या बंधाची किंवा वलयांच्या जुळणीची असण्याचा संभव अधिक. तिसरा, रंग बसलेला कार्बन धुऊन त्याचे भाग करणे आणि ते अनुक्रमे नुसत्या पाण्यात, मिठाच्या द्रावणात, विरल आम्लात आणि इथेनॉलमध्ये हलवणे. इथेनॉलमध्ये रंग भराभर सुटला आणि मिठात सुटला नाही, तर पाण्याने ढकलणे व व्हॅन डर वाल्स ओढ हीच मुख्य होती. माझा अनुभव सांगतो की पाच समीकरणे जुळवण्यापेक्षा हे तीन प्रयोग अधिक प्रामाणिक उत्तर देतात.

तापमान बदलून उष्मागतिकीचे आकडे काढण्याची घाई नसावी. त्या सूत्रात एककरहित समतोल स्थिरांक लागतो. लिटर प्रतिमिलिग्रॅममधील आकडा तसाच घातला तर येणाऱ्या मुक्त ऊर्जेला अर्थ उरत नाही.

शेवटी खऱ्या पाण्यात एक मालिका करावीच. नैसर्गिक पाण्यातील ह्युमिक द्रव्ये, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले मोठे सेंद्रिय रेणू, छिद्रांची तोंडे अडवतात, कॅल्शियम आयन विनिमयाच्या जागा बळकावतो, आणि लोहाच्या ऑक्साइडवर फॉस्फेट हा आर्सेनेटचा थेट स्पर्धक असतो, कारण दोघांची घडण व प्रभार जवळपास सारखे आहेत. ऊर्ध्वपातित पाण्यातील क्षमता आणि खऱ्या पाण्यातील क्षमता यांत मोठी तफावत आली तर निराश होऊ नये. तीच खरी माहिती आहे.

फ्लास्कमधून पुढे

वक्र हाती आला की किती कार्बन लागेल ते आधीच काढता येते. वरचेच स्थिरांक घेऊन १०० ची संहती ५ वर आणायची आहे असे समजू. ५ ला दर ग्रॅमवर सुमारे ६६.७ मिलिग्रॅम बसतात, म्हणून ९५ मिलिग्रॅम काढायला दर लिटरला सुमारे १.४२ ग्रॅम लागतील. आता हेच दोन टप्प्यांत करावे: आधी १०० वरून २५ वर, जेथे दर ग्रॅमवर १४३ मिलिग्रॅम बसतात, म्हणजे ०.५२ ग्रॅम, तो कार्बन काढून ताजा टाकून २५ वरून ५ वर, म्हणजे ०.३० ग्रॅम. एकूण ०.८२ ग्रॅम. तेवढ्याच पाण्यासाठी साठ टक्क्यांहूनही कमी कार्बन पुरला, कारण पहिल्या टप्प्यातील कार्बन दाट पाण्याशी समतोलात राहून अधिक भरून घेतला गेला.

स्तंभ हा याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. दाणेदार कार्बनच्या उभ्या थरातून पाणी सोडले की प्रवेशाजवळचा कार्बन येणाऱ्या दाट पाण्याशी समतोल साधतो, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला शेवटचा ताजा थर भेटतो. दाणे भरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून त्यातील हवा काढावी, नाहीतर पाणी बुडबुड्यांना वळसा घालून मोकळ्या वाटेने निघून जाते. स्तंभाचा व्यास दाण्याच्या किमान दहापट असावा. थराचे आकारमान भागिले प्रवाहाचा वेग हा संपर्ककाळ. २० मिलिलिटरच्या थरातून मिनिटाला २ मिलिलिटर सोडल्यास तो १० मिनिटे होतो, आणि जलशुद्धीकरणात दाणेदार कार्बनसाठी १० ते २० मिनिटे हा नेहमीचा पल्ला आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याची संहती ठरावीक अंतराने मोजत राहावी. बराच काळ ती शून्याजवळ राहते आणि मग इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाने चढते. ठरवलेली मर्यादा ओलांडण्याचा क्षण रंगद्रव्यात डोळ्यांना दिसतो, पण कीटकनाशकात किंवा आर्सेनिकमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून तेथे मोजमाप हेच एकमेव संरक्षण आहे. स्तंभात एकाहून अधिक प्रदूषक असतील तर दुबळ्या ओढीचा आधी बाहेर येतो, आणि बलवान रेणूंनी त्याला जागेवरून उठवल्यास काही काळ तो येणाऱ्या पाण्यातल्यापेक्षाही दाट संहतीने बाहेर पडू शकतो.

वापरलेल्या कार्बनचे काय करावे

प्रदूषक नष्ट झालेला नाही, तो फक्त पाण्यातून कार्बनवर गेला आहे. दाणेदार कार्बन मोठ्या प्रमाणावर ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला मर्यादित हवेत व वाफेत तापवून पुन्हा वापरात आणतात, आणि त्यात दर खेपेस काही भाग जळून जातो. फ्लोराइडने भरलेला अ‍ॅल्युमिना कॉस्टिक सोड्याने मोकळा होतो, पण मग फ्लोराइडचे दाट द्रावण हातात उरते आणि त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. प्रयोगशाळेत वापरलेला कार्बन बेसिनमध्ये धुऊन टाकू नये. तो ओला असतानाच झाकणाच्या बरणीत गोळा करावा, आणि बरणीवर प्रदूषकाचे नाव, अंदाजे किती मिलिग्रॅम बसलेले आहे, कार्बनचे वस्तुमान आणि तारीख लिहावी. आर्सेनिक, शिसे किंवा कीटकनाशक असलेली बरणी रंगद्रव्याच्या बरणीत कधीही मिसळू नये, आणि ती घातक कचरा म्हणूनच पुढे द्यावी. किती मिलिग्रॅम बसले आहे तो आकडा समतापी वक्राच्या वहीत आधीच असतो. लेबल लिहिताना तोच उतरवून घ्यावा.